तेक-सुनच्या वाट्याचा भात

एकतीस वर्षं मी राजपुत्र होते. इलानच्या देवळांपुढच्या रंगमंचांवर, डोक्याला मोत्यांचा टोप आणि पायात जाड तळव्यांचे बूट घालून मी राज्यं जिंकली, राज्यं घालवली आणि निदान हजारदा तरी लग्न केलं. आमच्या खेळात राजपुत्र बायकाच होतात, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण आज मी माझी गोष्ट सांगायला बसलेले नाही. माझी सुरू झाली की संपत नाही, असं भाची मला रोज ऐकवते. आज सांगायची आहे ती छाय-लियेनची.

छाय-लियेन आमच्या मंडळीत उडायची, थिएटरातल्या खेळांत. कमरेला कातड्याचा पट्टा, पट्ट्याला पाठीमागून दोर, तो वर लाकडी चाकावरून विंगेत उतरलेला आणि विंगेत तो ओढायला तेक-सुन. अप्सरेनं ढगात जायची वेळ आली की ती हळूच हात मागे न्यायची आणि दोराला दोन झटके द्यायची. दोन झटके म्हणजे 'मी तयार, वर घे'. एक नव्हे, कारण एक चुकूनही बसतो. आणि तिसऱ्याची वाट पाहायला रंगमंचावर कुणाला वेळ असतो? दुसरा झटका बसला की तेक-सुन सगळं अंग मागे टाकायचा आणि ही सोळा वर्षांची पोर लोकांच्या डोक्यांवरून जायची. पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या तिला हात जोडायच्या. मी खाली राजपुत्र होऊन विरहाचं गाणं म्हणत उभी असायची आणि माझ्याकडे एकही माणूस बघत नसायचा. मत्सर वाटायचा मला, खोटं कशाला बोलू?

बेचाळीस किलो होती ती तेव्हा. मालकाचा दंडक होता, उडणाऱ्या मुलीनं त्याच्या वर जायचं नाही. सामानाच्या पेट्या तोलायचा काटा होता, त्यावर दर महिन्याला तिला उभं करायचे. तेक-सुनला काटा लागत नसे. त्याच्या तळहातांना कळायचं.

"आज अर्धा किलो जास्त आहे," ती खाली उतरली की तो म्हणायचा. "दुपारी काय हाणलंस?"

"तुझं डोकं."

"मग तर पाव किलोच भरायला हवं होतं."

बाविसाव्या वर्षी तिनं त्याच्याशीच लग्न केलं. आम्ही मुलींनी तिला छळलं, की इतके देखणे वादक मंडळीत असताना हा दोरवाला कसला पसंत केलास? ती म्हणाली, "ज्यानं इतकी वर्षं मला पडू दिलं नाही, त्याला सोडून कुणाशी करू?"

आता तिच्या वजनाचं सांगते. बाईच्या वजनाविषयी बोलू नये म्हणतात, पण आमच्याकडे सगळे बोलतात. रस्त्यात कुणी भेटलं की आधी 'जेवलीस का' विचारतात आणि लगेच 'सुटलीस गं' म्हणतात. दोन्हींत माया असते. दुसऱ्यात जरा कमी.

पहिलं बाळंतपण झालं तेव्हा सासूनं महिनाभर तिला खोलीबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. रोज तिळाच्या तेलातली कोंबडी, आलं, तांदळाची दारू. दुसऱ्या वेळीही तेच. त्या दोन महिन्यांत जे किलो आले ते पाहुण्यासारखे आले आणि घरचे होऊन बसले. मग घरोघर टीव्ही आला. थिएटरं बंद पडली. देवळांपुढचे खेळ राहिले, पण तिथे उंच छत नाही आणि चाक टांगायला जागा नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी छाय-लियेनचं उडणं संपलं. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसली आणि एकोणीस वर्षं बसून राहिली. जिला दिवसाला शंभर कोलांट्या मारायची सवय, तिला पाण्याला उठायचं तरी हात वर करून विचारायला लागायचं. चार वाजता मुकादमीण सगळ्यांना गोड चहा पाजायची, तेवढंच त्या दिवसातलं सुख. घरापुढे स्कूटर आली, मग कोपऱ्यावरून मीठ आणायलाही स्कूटर. पुढे नातवंडं आली, सुनेला नोकरी, म्हणून तीन वर्षं ती त्यांना सांभाळायला गेली. मुलं ताटात टाकायची ते ही संपवायची. लहानपणी रताळ्याचा कीस खाऊन वाढलेली पिढी आमची. भाताचं शीत टाकताना आमचा हात जड होतो.

ती खादाड होती असं मात्र कुणी म्हणू नये. मी देवापुढे उभी राहून सांगेन, की ती कधीच फार जेवली नाही. मी बारीक राहिले त्यात माझीही काही करामत नाही. तीस वर्षं सिगरेट ओढली, तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या घरात राहिले आणि ज्याच्यासाठी कोंबडी शिजवावी असं माणूस माझ्या घरात कधी नव्हतं.

साठीला आली तेव्हा छाय-लियेन चौसष्ट किलोंची होती. तेक-सुन तिला मागून मिठी मारायचा आणि म्हणायचा, "आता दोन चाकं लागतील, आणि चार माणसं."

"तू एकटा पुरे. माकडाला काय धाड भरलीय?" ती म्हणायची. म्हातारं माकड हे तिनं त्याला ठेवलेलं नाव. आमच्याकडे बायका नवऱ्याला हाक मारतात ती अशीच.

मग तेक-सुनला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. दोन वर्षं आठ महिने तो अंथरुणावर होता. दर दोन तासांनी तिनं त्याला कुशीवर वळवायचं, उचलायचं, पुसायचं, पेज भरवायची. झोप अशी तुकड्यातुकड्यानं. ती त्रेपन्न किलोंवर आली. बाजारात बायका म्हणायच्या, "काय छान बारीक झालीस गं! काय केलंस?" तिनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा हसत होती. मी ताइपेईला मुलांना रंगमंचावरचं चालणं शिकवत होते, तिथून ऐकलं.

एका हिवाळ्यात तो गेला. मी अंत्यविधीला गेले, दोन दिवस राहिले आणि परतले. त्यानंतर जवळजवळ अडीच वर्षं आमचं बोलणं फोनवरच होतं. गेल्या वसंतात माझे गुडघे शहराला कंटाळले, तेव्हा मी लोतुंगला, छाय-लियेनच्या गावात, भाचीच्या शेजारची खोली घेऊन राहायला आले. ती खोलीही तिसऱ्या मजल्यावरच, माझं नशीबच तसं. पहिल्याच सकाळी छाय-लियेनकडे गेले.

दार उघडलं आणि मी तिला ओळखलं नाही. पंचवीस फूट उंचावरून हसणारा तो चेहरा कुठेतरी आत राहिला होता. बहात्तर किलो. डाव्या पायाच्या करंगळीला पट्टी होती.

"बघतेस काय, राजपुत्रा? आत ये. जेवलीस का?"

मधुमेह तिला आठ वर्षांपासून होता, तो आता बेलगाम झाला होता. करंगळीची जखम दोन महिने भरत नव्हती. मी म्हटलं, पुढच्या वेळी दवाखान्यात तुझ्याबरोबर मी येणार.

गेलो. तिथे एक तरुण नर्स होती, गोड मुलगी. तिनं छाय-लियेनला एक वही दिलेली. जे पोटात जाईल ते सगळं त्यात लिहायचं. नर्सनं वही उघडली, पानं उलटली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, सकाळी एक बिनसारणाचा पाव आणि चहा. दुपारी अर्धा वाडगा भात, पालेभाजी, माशाचा एक तुकडा. संध्याकाळी पुन्हा तेवढंच. एवढ्यावर चिमणीसुद्धा रडेल."

"मी खोटं लिहीत नाही, पोरी."

"खोटं कुठे म्हणतेय मी? पण आजी, काटा काहीतरी निराळंच सांगतोय. गेल्या वेळेपेक्षा सव्वा किलो जास्त."

"तुमचा काटा खराब असेल."

"काल नवा आणलाय."

डॉक्टरांनी पट्टी सोडली, बराच वेळ बोटाकडे पाहिलं. मग वर न बघता म्हणाले, "आजी, स्पष्ट सांगतो. साखर अशीच राहिली तर हे बोट काढावं लागेल. आणि एवढ्यावर भागलं तर नशीब म्हणायचं. नाहीतर पाऊलही जाऊ शकतं. सहा आठवडे देतो."

छाय-लियेननं मान डोलावली. ते पाऊल मी रंगमंचावर एका बोटावर उभं राहिलेलं पाहिलं आहे.

संध्याकाळी तिनं मला जेवायला ठेवून घेतलं. तिच्या बैठकीत उंच टेबलावर पितरांची लाकडी पाटी, तिच्यापुढे जुनं उदबत्तीचं पात्र. आणि बाजूला, खालच्या बुटक्या टेबलावर, तेक-सुनची कागदाची तात्पुरती पाटी आणि छोटं पात्र. मी चमकले. माणूस गेल्यावर ही कागदी पाटी मांडतात, तिला सकाळ-संध्याकाळ ताजं जेवण दाखवतात. वर्ष सरलं की कागद जाळायचा, त्याच्या राखेच्या तीन चिमटी पितरांच्या पात्रात टाकायच्या आणि मोठ्या पाटीवर नाव चढवायचं. मग रोजचं जेवण बंद, महिन्यातून दोनदा सगळ्या पितरांबरोबर त्याचा वाटा. तेक-सुनला जाऊन अडीच वर्षं होत आली होती आणि तो अजून बुटक्या टेबलावरच होता.

तिनं त्याच्यासाठी भात वाढला. गच्च, शिगोशीग, वर डुकराची चरबी आणि सोयाचा काळा रस. धुरावलेलं बदक कांद्याच्या पातीबरोबर. मिठातली अंडी. उदबत्ती लावली, ती अर्धी जळेपर्यंत आम्ही दोघी थांबलो. मग तिनं दोन नाणी घेतली. त्यांच्या एकेका बाजूला लाल नखपॉलिश लावलेलं होतं.

"पोट भरलं का, म्हाताऱ्या माकडा?" असं म्हणून तिनं ती जमिनीवर टाकली.

एक लाल पडलं, एक पांढरं. म्हणजे हो. दोन्ही लाल पडली तर नाही, आणि दोन्ही पांढरी पडली तर तो नुसता हसतोय. मग पुन्हा विचारायचं.

तिनं उचलून सगळं आमच्या टेबलावर आणलं. स्वतःसाठी अर्धा वाडगा भात घेतला, पालेभाजी, माशाचा एक तुकडा. सावकाश जेवली. मग वही उघडली, तेवढं सगळं नीट अक्षरात लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि वही बाजूला ठेवली.

आणि तेक-सुनचा वाडगा पुढे ओढला.

चरबीचा भात संपला, बदक संपलं, अंडी संपली. शेवटचं शीत तिनं चॉपस्टिकनं टिपलं.

"आ-लियेन," मी म्हटलं, "हे लिहिलं नाहीस."

"हे काय लिहायचं?"

"खाल्लंस ना?"

"ते त्याचं आहे."

"त्याचं असेल, पण गेलं तुझ्या पोटात."

"त्याचं उष्टं आवरलं मी, ताई. आवरणं म्हणजे जेवण का? टाकून देऊ का त्याचं अन्न? कचऱ्यात?" ती खरंच चकित झाली होती. "नर्सनं विचारलं, तू काय जेवतेस. मी काय जेवते ते मी लिहिलं."

मला हसू आलं आणि ओठांपर्यंत येऊन तिथेच विझलं. सकाळ-संध्याकाळ, अडीच वर्षं. ती दोघांचं जेवत होती आणि त्यातलं एकाचंच तिला दिसत होतं.

मी बुद्धी लढवली. रंगमंचावर राजपुत्राला नेहमी युक्ती सुचते. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, "तेक-सुन माझाही मित्र होता. त्याच्या वाट्याचं आता मी खाईन. रोज येते."

आठवडाभर गेले. माझं पोट भातुकलीतल्या बुडकुल्याएवढं, पण चरबीचा भात गिळत राहिले. आणि तिनं काय केलं? मी येते म्हणून तिसरा वाडगा वाढायला लागली. पाहुणीला त्याचं उष्टं कसं द्यायचं? माझा वाडगा माझ्यापुढे, त्याचा त्याच्यापुढे, आणि मी गेल्यावर त्याचा पुन्हा हिच्या पोटात. आठव्या दिवशी माझं पित्ताशय बोलायला लागलं, म्हणून मी सरळच विचारलं.

"त्याला वर का चढवत नाहीस? च्ये-हाव काय म्हणतो?" च्ये-हाव तिचा मुलगा, शिंचूला कारखान्यात साहेब आहे.

"त्यानं तर वर्ष भरलं तेव्हाच मुहूर्त काढला होता. पण त्याचा बाप नको म्हणतोय. नाणी सांगतात."

"किती वेळा विचारलंस?"

ती पदार्थ झाकायला लागली.

"आ-लियेन, किती वेळा?"

"एकदाही नाही," ती म्हणाली. झाकण तिच्या हातातच राहिलं. "हो म्हणाला असता तर?"

मी तिच्या हातातलं झाकण घेऊन भांड्यावर ठेवलं.

"वर गेला की तो सगळ्यांचा झाला, ताई. सासू, सासरे, आजेसासरे, ज्यांची तोंडं मी पाहिली नाहीत ते, त्यांच्यातला एक. महिन्यातून दोनदा वाटीभर. मग सकाळी उठून मी चूल कुणासाठी पेटवायची? पोरगा फोनवरून खायचं मागवून देतो, दारात डबा ठेवून पोऱ्या पळतो. टीव्ही बोलतो खूप, पण जेवत नाही."

"आणि पाय? तेक-सुनला चालेल का, त्याच्या भातापायी तुझा पाय गेलेला?"

ती एकदम उसळली. "तू लग्नं केलीस हजार, ताई, आणि संसार एकही नाही. तुला काय कळणार!"

घरी येताना तिन्ही जिने मी बसत बसत चढले. खरं होतं म्हणूनच लागलं. चार दिवस मी तिकडे फिरकले नाही. खिडकीत बसून सिगरेटची आठवण काढत राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी खालून हाक आली. मंडळीत कमावलेला आवाज, गल्लीतले सगळे कुत्रे उठले.

"राजपुत्रा! खाली उतर! मला जिना चढवत नाही!"

उतरले. ती स्कूटरला टेकून उभी होती, डाव्या पायात चप्पल नव्हती, नुसती पट्टी गुंडाळलेली. सहा आठवडे सरायच्या आधीच बोट काळं पडलं होतं. दवाखान्यातून येत होती. शुक्रवारी काढणार होते.

"डॉक्टर म्हणाले, बोट गेलं ते गेलं," ती म्हणाली. "पण पुढची जखम भरायची तर साखर उतरायलाच हवी. नाहीतर पुन्हा कापायचं, वर. मग आणखी वर." मग गल्लीच्या टोकाकडे बघत म्हणाली, "आज विचारते त्याला. तू बरोबर बस. त्या दिवशी बोलले ते... तू काही मनात ठेवू नकोस."

"हजारांतली निम्मी लग्नं तुझ्याशीच झालीयत," मी म्हटलं. "बायकोचं बोलणं कुणी मनात ठेवतं का?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

दुपारी मी गेले तेव्हा तिनं स्वच्छ निळा ब्लाउज घातला होता, केस पाण्यानं चापून बसवले होते. बुटक्या टेबलावर सगळं त्याच्या आवडीचं. उदबत्ती अर्धी जळली. तिनं नाणी घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"तू टाक, ताई. माझे हात कापतायत."

आता इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. जुगाराच्या एका प्रवेशासाठी मी तरुणपणी नाणं फेकायला शिकले होते. हवी ती बाजू वर आणता यायची मला, दहातून नऊ वेळा. बोटं म्हातारी झाली तरी अशा गोष्टी विसरत नाहीत. नाणी हातात आली आणि बोटांनी आपोआप त्यांच्या कडा चाचपल्या. तिचा पाय तीन फेकींवर आला होता. मोठ्या गोष्टीला तीनदा सलग हो लागतो, असा आमच्याकडचा नेम आहे. तीन फेकी मला जमल्या असत्या. देव मला माफ करो, मी अंगठा तयारसुद्धा ठेवला होता.

मग वर पाहिलं तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. त्या कागदाच्या पाटीकडे बघत होती, विंगेकडे बघायची तशी, दोर ताणला जायच्या आधीच्या क्षणाला.

मी नाणी तिच्या हातात परत ठेवली. "त्याचं बोलणं तुझ्याशी आहे. मध्ये मी नको."

तिनं ती उदबत्तीच्या धुरावरून फिरवली. "म्हाताऱ्या माकडा," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "पोट... आता जायचं का तुला?" नाणी टाकली.

दोन्ही पांढरी.

"हसतोय मेला," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हणतोय, नीट विचार, पुटपुटू नकोस."

ती ताठ बसली. दीर्घ श्वास घेतला आणि पोटातून आवाज काढला, मागच्या बाकापर्यंत जाईल असा. "तेक-सुन, मी छाय-लियेन बोलतेय. अडीच वर्षं तुझं ताट मी खाल्लं. तू दिसत नव्हतास, म्हणून निदान तुझा भात माझ्यात राहावा असं वाटलं. पण आता माझे पाय मला पेलत नाहीत. शुक्रवारी बोट काढतायत. तुझ्या आईबापाजवळ वर पाटीवर जातोस का?"

टाकली. एक लाल, एक पांढरं.

तिनं नाणी उचलली, पुन्हा तेच विचारलं, या वेळी हळू. टाकली. एक लाल, एक पांढरं.

तिसऱ्यांदा तिनं टाकली. एक नाणं तिच्या गुडघ्याजवळ पडलं, लाल. दुसरं कडेवर उभं राहिलं, घरंगळलं आणि पितरांच्या जड टेबलाखाली गेलं. भिंतीला लागल्याचा आवाज आला.

मी लगेच खाली वाकले. गुडघे कडकडले. गाल फरशीला लावून आत बघायला लागले, पण अंधार होता. "टॉर्च कुठे आहे गं?"

"ताई, ऊठ."

"थांब, दिसेल आता."

"ऊठ, ताई. राहू दे तिथेच."

मी मान वर केली. ती तेक-सुनच्या पाटीकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं, पण आवाज शांत होता.

"दोन झटके झाले," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी दोन झटके दिले आणि त्यानं मला वर घेतलं. तिसऱ्याची वाट त्यानं कधी पाहिली नाही. मी त्याला कशी ताटकळत ठेवू?"

मी फरशीवरच बसून राहिले. मग दोघी रडलो. रंगमंचावर रडताना तोंड झाकतात, बाही डोळ्यांपुढे धरतात. आम्ही काहीही झाकलं नाही.

त्या दिवशी तेक-सुनचा भात आम्ही दोघींनी मिळून खाल्ला. च्ये-हावला फोन केला. गुरुवारी तो सुनेला घेऊन आला, पंचांग बघून वेळ काढली, कागद जाळला. राखेच्या तीन चिमटी मोठ्या पात्रात टाकायच्या होत्या त्या छाय-लियेननं टाकल्या. नाव चढवायला मोठी पाटी खाली घेतली होती, ती परत वर ठेवायला च्ये-हाव पुढे झाला तर तिनं त्याला थांबवलं. दोन्ही हातांनी पाटी धरली, पाय रोवले, अंग जरासं मागे टाकलं आणि ती वरच्या टेबलावर तिनं स्वतः ठेवली. जड लाकूड आहे. मुलाला वाटलं, आईला भार होईल. मला माहीत होतं ती काय करत होती.

शुक्रवारी करंगळी गेली. पाऊल राहिलं.

यानंतर ती पुन्हा बेचाळीस किलोंची झाली असं काही मी सांगणार नाही. ते नाटकात होतं. पहिले दोन महिने तर तिनं धड जेवणच सोडलं. नर्सनं दम दिला की उपाशी राहाल तर मी घरी येऊन भरवीन. वजन हळूहळू उतरलं, मध्ये चंद्रोत्सवाला दीड किलो पुन्हा चढलं आणि नव्या वर्षानंतर ते सहासष्टवर येऊन थांबलंय. डॉक्टर म्हणतात, तिथेच राहिलं तरी चालेल. स्कूटर तिनं सुनेच्या भावाला देऊन टाकली. सकाळी आम्ही दोघी बाजारात चालत जातो. ती नऊ बोटांवर, मी माझ्या गुडघ्यांवर. वाटेत जेवढे बाक आहेत तेवढ्या सगळ्यांवर बसतो. आठवड्यातून तीनदा मी तिच्याकडे जेवते, माझा वाडगा पिशवीतून घेऊन जाते. लहान आहे, माझा मीच भरते. बायका अजून म्हणतातच, "आ-लियेन, अजून सुटलेलीच आहेस गं." ती म्हणते, "हो. जेवलीस का?"

ते नाणं अजून टेबलाखाली आहे. साफसफाईला सून आली होती, तिलाही तिनं तिथला केर काढू दिला नाही.

गेल्या महिन्यात तेक-सुनचं श्राद्ध झालं. तिनं पितरांना ताट दाखवलं. भात, बदक, कांद्याची पात. उदबत्ती जळाल्यावर सगळं उचलून आणलं, आम्ही जेवलो. मग तिनं वही काढली. मी भांडी घासत होते. मागे वळून पाहिलं तर ती चष्मा सावरून लिहीत होती. नंतर वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "बघ गं, बरोबर लिहिलं का?"

तिच्या त्या नीट अक्षरात आधी तिचं जेवण होतं, रोजच्यासारखं. त्याखाली एक ओळ जास्त होती:

'तेक-सुनचा भात, अर्धा वाडगा. बदकाचे तीन तुकडे. मी खाल्ले.'